दलदलीचा वायू आणि शास्त्रज्ञाचे उत्तरदायित्व

१९१० साली हॅलेचा धूमकेतू पृथ्वीच्या आकाशात आला होता. त्याच दिवसांत, १ मे रोजी, शिकागो शहरात एका चेक कुटुंबात जोसेफ ॲलन हायनेक यांचा जन्म झाला. तो धूमकेतू पुन्हा परतला १९८६ साली, आणि त्याच वर्षी २७ एप्रिलला ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथे हायनेक यांचे निधन झाले. धूमकेतूला शुभाशुभाचा दूत मानणाऱ्या पिढ्यांनी या योगायोगातून बरेच काही वाचले असते. धूमकेतूचा फेरा गणिताने आधीच सांगता येतो हे कळले आणि माणसाच्या मनातील एक पुरातन भय ओसरले, हे विज्ञानाच्या इतिहासातील एक देखणे प्रकरण आहे. हायनेक यांचे आयुष्य मात्र ज्यांचे गणित इतक्या सहजपणे मांडता येत नाही अशा आकाशस्थ उजेडांचा माग काढण्यात गेले. उडत्या तबकड्यांच्या ज्या प्रकरणाने अमेरिकेत खळबळ उडवून दिली, त्याची तेथील हवाई दलाने केलेली चौकशी दोन दशकांहून अधिक काळ चालली. आणि या सर्व काळात हायनेक तिचे शास्त्रीय सल्लागार होते.

त्यांच्या चरित्राकडे दोन गट दोन तऱ्हांनी पाहतात. परग्रहावरील पाहुण्यांवर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांच्या मते हायनेक हे उशिरा का होईना सत्याला शरण आलेले शास्त्रज्ञ होत. कट्टर संशयवाद्यांच्या मते एक चांगला ज्योतिर्विद उतारवयात भरकटला, एवढाच या कथेचा सारांश. दोन्ही निवाडे उतावीळ आहेत. तबकड्या खऱ्या की खोट्या, यापेक्षा वेगळा आणि आपल्या रोजच्या सार्वजनिक व्यवहाराशी जवळचा असा एक प्रश्न या चरित्रातून उभा राहतो. सामान्य माणसाला सरकारच्या आणि तज्ज्ञांच्या वतीने जे स्पष्टीकरण दिले जाते, ते केवळ बरोबर असून भागते काय, की ते ज्या रीतीने काढले आणि सांगितले गेले तिचाही हिशेब द्यावा लागतो, हा तो प्रश्न होय.

हायनेक यांची शास्त्रीय बैठक पक्की होती. बालपणी आजारात अंथरुणाला खिळले असताना आईने वाचून दाखवलेल्या ज्योतिषशास्त्राच्या पुस्तकाने त्यांना आकाशाचा नाद लावला. शिकागो विद्यापीठातून ते १९३१ साली पदवीधर झाले, आणि यर्कीस वेधशाळेत काम करून १९३५ साली त्यांनी खगोलभौतिकीतील डॉक्टरेट मिळवली. पुढच्या वर्षी ते ओहायो राज्य विद्यापीठात अध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, लक्ष्याच्या जवळ जाताच तोफगोळ्याचा आपोआप स्फोट घडवून आणणाऱ्या फ्यूजच्या संशोधनात त्यांनी भाग घेतला. लष्कराबरोबर काम करताना गुप्तता कशी पाळावी लागते, याचा धडा त्यांना तेथेच मिळाला असला पाहिजे.

युद्ध संपले आणि दोनच वर्षांनी तबकड्यांचे पर्व सुरू झाले. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनिअर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू अतिवेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जावी तशी त्यांची गती होती, असे वर्णन त्याने केले. वार्ताहरांनी गतीची उपमा आकाराला चिकटवली, आणि उडती तबकडी हा शब्दप्रयोग जन्माला आला. एकदा शब्द मिळाल्यावर दृश्यांना तोटा राहिला नाही. देशभरातून बातम्यांचा पाऊस पडू लागला. शीतयुद्धाचे ते दिवस. या वस्तू सोव्हिएत रशियाच्या तर नव्हेत, ही हवाई दलाची पहिली आणि स्वाभाविक चिंता होती. म्हणून १९४८ च्या आरंभी ओहायोतील राइट-पॅटरसन तळावर प्रोजेक्ट साइन नावाची चौकशी सुरू झाली. पुढे तिचेच नाव प्रोजेक्ट ग्रज आणि १९५२ पासून प्रोजेक्ट ब्ल्यू बुक असे झाले.

आलेल्या वार्तांपैकी किती ग्रहताऱ्यांच्या आणि उल्कांच्या आहेत, हे सांगणारा ज्योतिर्विद हवाई दलाला हवा होता. हायनेक तळापासून फारसे दूर राहत नव्हते. त्यांच्याकडे विचारणा झाली आणि त्यांनी ती स्वीकारली. हे सारे युद्धोत्तर काळातील एक खूळ असून ते लवकरच विरेल, अशीच त्यांची त्या वेळी धारणा होती. कामाची रीत साधी होती. कोणी, कोठून, किती वाजता, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती उंचीवर काय पाहिले, याची नोंद घ्यायची आणि त्या क्षणी तेथे आकाशात काय असणार हे पंचांगावरून ताडून पाहायचे. पश्चिम क्षितिजावरचा शुक्र धावत्या मोटारीतून पाहणाऱ्याला आपला पाठलाग करीत आहे असे वाटते. क्षितिजालगतचा तेजस्वी तारा वातावरणातील चलबिचलीमुळे लाल-हिरवा लुकलुकतो. मोठी उल्का काही क्षणांत अर्धे आकाश कापून जाते आणि पाहणाऱ्याला ती शेजारच्या टेकडीमागे पडल्यासारखी वाटते. पहिल्या काही शे वार्तांपैकी सुमारे एक तृतीयांश वार्तांचा उलगडा अशा खगोलीय कारणांनी होतो, असे हायनेक यांना आढळून आले. उरलेल्यांत विमाने, फुगे, पक्षी आणि क्वचित थट्टाही होती.

मात्र सर्वच उलगडे इतके सरळ नव्हते. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात कॅप्टन थॉमस मँटेल हा वैमानिक आकाशातील एका चकाकत्या वस्तूचा पाठलाग करीत प्राणवायूची सोय नसताना फार उंच गेला आणि विमान कोसळून ठार झाला. ती वस्तू म्हणजे शुक्र असावा, असे आधी सुचवण्यात आले. पण भरदिवसा दिसणारा शुक्र म्हणजे सुईच्या टोकाएवढा ठिपका. त्याने लोकांचे समाधान होणे शक्य नव्हते. वस्तू बहुधा नौदलाचा स्कायहुक फुगा होती. पातळ प्लॅस्टिकचा, सुमारे ३० मीटर व्यासापर्यंत फुगणारा, अतिउंचीवर उन्हात धातूसारखा झळकणारा हा फुगा त्या वेळी गुप्त कार्यक्रमाचा भाग होता. चौकशी करणाऱ्यांनाही त्याची कल्पना नव्हती. एका खात्याचे गुपित दुसऱ्या खात्याचे कोडे कसे बनते, याचे हे पहिले ठळक उदाहरण. खरे कारण मागाहून बाहेर आले, तोवर चुकीच्या कारणाने सरकारी शब्दाची पत घालवली होती.

१९५२ च्या जुलै महिन्यात राजधानी वॉशिंग्टनच्या विमानतळावरील रडारच्या पडद्यांवर अनोळखी ठिपके दिसले आणि लढाऊ विमाने आकाशात धाडली गेली. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उष्ण हवेचा थर असला म्हणजे रडारच्या लहरी वाकतात व जमिनीवरील वस्तूंचे प्रतिध्वनी आकाशातून आल्यासारखे भासतात, असे स्पष्टीकरण हवाई दलाने दिले. तथापि प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. जानेवारी १९५३ मध्ये केंद्रीय गुप्तहेर संघटनेने, म्हणजे सीआयएने, भौतिकीविद रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली नामवंत शास्त्रज्ञांची एक समिती बोलावली. लुई अल्व्हारेझ यांच्यासारखे पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे संशोधक तिच्यात होते. हायनेक तेथे सहयोगी म्हणून हजर होते. मोजक्या दिवसांच्या बैठकीनंतर समितीने निर्णय दिला की, तबकड्यांपासून देशाला धोका नाही. धोका आहे तो वार्तांच्या गर्दीत खरा हल्ला दुर्लक्षिला जाण्याचा. सबब लोकांच्या मनातील या विषयाचे गूढ वलय नाहीसे करावे. या निष्कर्षात खोट काढण्याजोगे फारसे नव्हते. पण त्याचा परिणाम असा झाला की, ब्ल्यू बुकच्या मोजक्या कर्मचाऱ्यांचे मुख्य काम चौकशी करणे हे न राहता प्रकरणे निकाली काढणे हे झाले. सरकारी दप्तराची ओळख असलेल्या वाचकांना या दोहोंतील फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

याच काळात हायनेक यांचे खरे शास्त्रीय कार्यही चालू होते, आणि ते विसरून चालणार नाही. १९५६ साली ते स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत दाखल झाले. कृत्रिम उपग्रहांचा दुर्बिणींनी माग ठेवण्यासाठी जगभर बारा ठिकाणी बेकर-नन नावाचे प्रचंड कॅमेरे बसवण्याच्या कार्यक्रमाची धुरा त्यांच्याकडे होती. त्यांतील एक केंद्र आपल्या देशात, नैनिताल येथे होते. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक अवकाशात गेला, तेव्हा गोंधळलेल्या अमेरिकन जनतेला त्याची कक्षा आणि अर्थ समजावून सांगणाऱ्यांत हायनेक अग्रभागी होते. १९६० साली ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात खगोलशास्त्र विभागाचे प्रमुख आणि डिअरबॉर्न वेधशाळेचे संचालक झाले. डिसेंबर १९६२ मध्ये एका फुग्यातून वैमानिक आणि ज्योतिर्विद यांना सुमारे २५ किलोमीटर उंचीवर नेऊन तेथून ताऱ्यांचे वेध घेण्याचा जो प्रयोग झाला, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती. ज्या फुग्यांनी तबकड्यांचा भ्रम निर्माण केला, त्यांचाच त्यांनी वेधासाठी उपयोग केला.

ब्ल्यू बुकबद्दलचा त्यांचा असंतोष मात्र हळूहळू वाढत होता. १९५२ साली त्यांनी चाळीसहून अधिक व्यावसायिक ज्योतिर्विदांशी या विषयावर अनौपचारिक बोलणे केले. त्यांपैकी पाच जणांनी उलगडा न झालेले काहीतरी पाहिले होते. पण हसे होईल या भीतीने ते त्याचा उच्चार करीत नव्हते. ज्यांचे शिक्षण आणि व्यवसायच आकाश पाहण्याचा, ते जर गप्प राहत असतील, तर शेतकरी, पोलीस शिपाई, विमानचालक यांनी धीर करून सांगितलेल्या हकिगती केवळ हसण्यावारी नेणे योग्य काय, असा प्रश्न त्यांना पडू लागला. पण त्यांनी तो बराच काळ मनातच ठेवला. आपण उघडपणे विरोध केला तर सल्लागारपद जाईल आणि मूळ कागदपत्रे पाहण्याची वाट बंद होईल, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब व्यवहाराला धरून होता. पण त्याची किंमत पुढे त्यांनाच चुकवावी लागली.

तो प्रसंग मार्च १९६६ मधील. मिशिगन राज्यातील डेक्स्टर गावाजवळच्या दलदलीवर आणि दुसऱ्या दिवशी हिल्सडेल येथील महाविद्यालयाजवळ अनेकांना रंगीत उजेड दिसले. पाहणाऱ्यांत विद्यार्थिनी होत्या आणि पोलीसही होते. देशभरचे वार्ताहर लोटले. हायनेक यांना घाईघाईने तेथे पाठवण्यात आले आणि थोड्याच दिवसांत, २५ मार्च रोजी, डेट्रॉइट येथे पत्रकार परिषदेत निवेदन करण्याची पाळी त्यांच्यावर आली. कुजलेल्या वनस्पतींपासून निघणारा दलदलीचा वायू वसंताच्या आरंभी बर्फ वितळल्यावर मोकळा होतो आणि कधी कधी पेटून मंद उजेड देतो. काही दृश्यांचा उलगडा यावरून होऊ शकेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्याकडे पाणथळ जागी दिसणाऱ्या ज्या उजेडांना लोक भुतांचे दिवे म्हणत आले, त्यांच्यासारखाच हा प्रकार. त्यांनी ही शक्यता म्हणून मांडली होती आणि तिच्या मर्यादाही नमूद केल्या होत्या. पण वृत्तपत्रांनी शक्यतेचा निर्णय केला आणि मर्यादा गाळून टाकल्या. दुसऱ्या दिवसापासून दलदलीचा वायू हा शब्द अमेरिकेत सरकारी थापेला पर्यायवाचक झाला. व्यंगचित्रकारांना आयते खाद्य मिळाले.

मिशिगनमधील लोकांचा संताप समजून घेण्यासारखा आहे. त्यांना तबकड्यांचा पुरावा मान्य व्हायला हवा होता असे नव्हे. आपल्याला मूर्खांत काढले गेले, याचे त्यांना दुःख होते. त्या राज्याचे प्रतिनिधी आणि प्रतिनिधिगृहातील अल्पसंख्य पक्षाचे नेते जेराल्ड फोर्ड, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांनी काँग्रेसमार्फत चौकशीची मागणी केली. ५ एप्रिल १९६६ रोजी प्रतिनिधिगृहाच्या सशस्त्र दल समितीपुढे सुनावणी झाली आणि हायनेक यांनी तेथे स्वतंत्र शास्त्रीय अभ्यासाची गरज प्रतिपादली. त्यातून कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकीविद एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली पाच लाख डॉलरहून अधिक खर्चाचा अभ्यास झाला. या विषयाच्या अधिक अभ्यासातून विज्ञानाला काही लाभ होण्याची चिन्हे नाहीत, असा काँडन यांचा निष्कर्ष १९६९ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्याला दुजोरा दिला. अहवालातील अनेक प्रकरणे अनिर्णित असताना इतका ठाम निष्कर्ष काढणे हायनेक यांना पटले नाही. १७ डिसेंबर १९६९ रोजी ब्ल्यू बुक बंद करण्याची घोषणा झाली. एकंदर १२,६१८ वार्तांपैकी ७०१ उलगड्याविना राहिल्या होत्या. म्हणजे शेकडा साडेपाचांच्या आसपास.

इथून पुढे हायनेक यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध सुरू होतो. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी वार्तांचे वर्गीकरण केले. जवळून झालेल्या दर्शनांचे त्यांनी तीन प्रकार पाडले: नुसते दर्शन, जमिनीवर वा वस्तूंवर खुणा ठेवणारे दर्शन आणि ज्यात कोणी प्राणी दिसल्याचे सांगितले जाते ते दर्शन. यातील तिसऱ्या प्रकाराचे नाव घेऊन स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९७७ साली चित्रपट काढला. त्यात हायनेक क्षणभर पडद्यावर दिसतातही. १९७३ साली त्यांनी या विषयाच्या अभ्यासासाठी एक केंद्र स्थापन केले आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे आपली बाजू मांडली. याने ग्रह बदलून पृथ्वीवर उतरणाऱ्या पाहुण्यांचे ते पुरस्कर्ते झाले, असे समजणे चूक होईल. ताऱ्यांमधील अफाट अंतरे त्यांना चांगली ठाऊक होती, आणि त्या कल्पनेवरचा त्यांचा विश्वास उत्तरोत्तर कमीच झाला. परंतु तिच्या जागी त्यांनी ज्या आणखी धूसर कल्पनांचा विचार चालवला, त्यांची परीक्षा घेण्याचा मार्ग विज्ञानाजवळ नव्हता.

त्यांच्या उत्तरायुष्यातील दोष येथे आहे आणि तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. शेकड्यातील पाचसहा प्रकरणे अनुत्तरित राहिली, म्हणजे त्यांत काही नवे तत्त्व दडले आहे असे सिद्ध होत नाही. वर्षअखेरचा जमाखर्च जुळत नसेल तर हिशेबनीस आधी हरवलेल्या पावत्या शोधतो. तिजोरीत अदृश्य हात शिरल्याचा तर्क करीत नाही. पुष्कळ प्रकरणे अनुत्तरित राहतात ती वेळ नीट नोंदलेली नसते, दिशा चुकलेली असते किंवा साक्षीदार एकच असतो म्हणून. हायनेक यांच्याच केंद्रात ॲलन हेंड्री यांनी तेराशेच्या आसपास वार्ता कसोशीने तपासल्या आणि १९७९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहांतील नऊ वार्तांची कारणे साधी निघाली: तारे, ग्रह, उल्का, विमाने आणि रात्री दिव्यांची अक्षरे मिरवणारी जाहिरातींची विमाने. ज्या केंद्राने गूढाचा शोध घ्यायचा, त्यानेच साधेपणाचा पुरावा दिला आणि तो दडवला नाही. हे हायनेक यांच्या प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्रच मानले पाहिजे.

हायनेक गेल्यानंतर जे उघडकीस आले, त्याने मात्र दोन्ही बाजूंना अंतर्मुख करावे. १९४७ सालच्या रॉझवेल प्रकरणातील अवशेष सोव्हिएत अणुस्फोटांचा आवाज टिपण्यासाठी सोडलेल्या गुप्त मोगल फुग्यांचे होते, असे हवाई दलाने १९९४ साली जाहीर केले. १९९७ साली सीआयएच्या इतिहासकाराने लिहिले की, १९५५ पासून उडणाऱ्या यू-२ आणि नंतरच्या टेहळणी विमानांमुळे त्या काळातील निम्म्याहून अधिक वार्ता निर्माण झाल्या. हे प्रमाण काही अभ्यासकांना अतिशयोक्त वाटते. पण मुख्य गोष्ट नाकारण्याजोगी नाही. सायंकाळी जमिनीवर अंधार पडला असता अठरा-वीस किलोमीटर उंचीवरील विमानाचे पंख उन्हात झळाळत. चौकशी करणाऱ्यांना आतून ते कळवले जाई आणि बाहेर मात्र दुसरेच काही कारण सांगितले जाई. संरक्षणाची गुपिते राखणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हे मान्य. परंतु ते राखताना नागरिकाच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला गेला, आणि पुढे नागरिकाने सरकारच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवला नाही, तर दोष एकट्या नागरिकाचा म्हणता येत नाही.

अलीकडेही याच नाटकाचा नवा प्रवेश झाला. २०२१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागाने १४४ लष्करी वार्तांचा अहवाल काढला; त्यांतील एकीचाच खात्रीशीर उलगडा झाला होता आणि तो होता हवा निघालेल्या फुग्याचा. २०२२ साली त्यासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले, आणि मार्च २०२४ मध्ये त्याने परग्रहीय यंत्रांचा कोणताही पुरावा नसल्याचे सांगितले. निष्कर्ष सत्तर वर्षांपूर्वीचाच; आणि त्यावरचा लोकांचा अविश्वासही तेवढाच जुना.

मग हायनेक यांच्या चरित्राचा बोध काय? साधी कारणे बहुधा खरी असतात, हे त्यांच्याच दप्तराने सिद्ध केले. पण साधे कारण मिळवण्यासाठीही कष्ट पडतात, आणि ते कष्ट लोकांना दिसावे लागतात. मिशिगनमध्ये त्यांचा तर्क कदाचित बरोबर असेल. चुकले ते इतकेच की, पुरेशी तपासणी होण्याआधी उत्तर देण्याचा आग्रह झाला आणि त्यांनी तो मानला. अजून आपल्याला ठाऊक नाही, एवढे साधे वाक्य त्या दिवशी उच्चारण्याची मुभा सल्लागाराला असती, तर विज्ञानाची आणि सरकारची दोघांचीही पत राहिली असती. वर्गात एखादा विद्यार्थी काल रात्री पाहिलेल्या विचित्र उजेडाबद्दल विचारतो, तेव्हा शिक्षकापुढेही हाच प्रसंग उभा असतो. त्याला हसून गप्प बसवणे सोपे आहे, आणि त्याच्या डोळ्यांतील विस्मय पाहून गूढाला खतपाणी घालणे त्याहूनही सोपे. वेळ कोणती, दिशा कोणती, किती वेळ दिसले, हे शांतपणे विचारून त्याच्याबरोबर पंचांग उघडणे हा तिसरा मार्ग आहे. हायनेक यांनी १९४८ साली कामाला आरंभ केला तो याच मार्गाने. आणि पुढच्या वळणांवर त्यांचे जे काही चुकले असेल ते असो, तो मार्ग आजही चुकलेला नाही.